जबड्यानं तोफ्याला परत आणलं

जबड्याला जबडा हे नाव पडलं त्याआधी तो नुसता सांडशीवाला होता. लोखंड तापवून ठोकायच्या कारखान्यात भट्टीतून लालबुंद कांब सांडशीनं ओढायची, हातोड्याखालच्या साच्यात बसवायची आणि घाव पडून हातोडा वर गेला की कांब उलटी करायची, हे त्याचं काम. हातोडा म्हणजे हातात धरायचा नव्हे. दुमजली घराएवढं धूड होतं ते. खाली आदळलं की जमीन हादरे आणि तावदानं थरथरत. तिथं तोंडानं बोलायची सोयच नव्हती. माणसं हातांनी बोलत. अंगठा खाली म्हणजे मार. मूठ वर म्हणजे थांब. तळवा खाली दाबला म्हणजे हलका घाव. दोन बोटं ओठावर मिशीसारखी धरली म्हणजे मेस्त्री येतोय. एकमेकांच्या आईचा उद्धार करायलाही खूण होती, आणि नवा माणूस सगळ्यांत आधी तीच शिकत असे.

हातोड्याच्या दांड्याशी तोफ्या उभा असायचा. दांडा ओढला की हातोडा पडे, सोडला की वर जाई. हातोडा चालू असतानाही एकट्या तोफ्याचं बोलणं सगळ्या कारखान्याला ऐकू येई, म्हणून तो तोफ्या. लोकांना गंमत वाटायची. हा माणूस बहिरा होत चाललाय म्हणून ओरडतोय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, त्याच्याही नाही. सांडशीवाल्याचा जीव त्याच्या मुठीत. कांब नीट बसायच्या आत घाव पडला तर सांडशी उसळते आणि धरणाऱ्याच्या पोटात नाहीतर तोंडावर येते. हातोडेवाल्यावर बायकोपेक्षा जास्त विश्वास ठेवावा लागतो, असं जुने लोक म्हणत, आणि बायकोइतकंच त्याच्याशी भांडावंही लागतं.

त्या उन्हाळ्यात कामाचा डोंगर पडला होता. मेस्त्री एकाच माणसाकडून पाळीवर पाळी करून घ्यायचा. ‘थांबला तो संपला’ हे त्याचं लाडकं वाक्य. तोफ्या कधीच नाही म्हणत नसे. त्याचे डोळे भट्टीसारखे झाले होते.

“मेस्त्री, तो उभ्याउभ्या झोपतोय,” सांडशीवाल्यानं एकदा सांगून पाहिलं.

“झोपेतसुद्धा तुझ्यापेक्षा बरं काम करतो,” मेस्त्री म्हणाला.

एका दुपारी कांब अजून साच्याच्या काठावर होती आणि घाव पडला. सांडशी उसळून सांडशीवाल्याच्या बरगड्यांत बसली. तो कळवळून खाली बसला, मग उठला आणि त्यानं खुणेनं तोफ्याच्या आईचा उद्धार केला. रोजचीच गोष्ट. रोज तोफ्या ती खूण दुपटीनं परत करायचा. त्या दिवशी तो दांडा सोडून पुढं आला, पडलेली सांडशी उचलली आणि दोन्ही हातांनी फिरवली.

सांडशीवाल्याला वेदना नंतर कळली. आधी आवाज कळला. डोक्याच्या आतून, वाळकी फांदी मोडावी तसा. मग तोंड रक्तानं भरलं आणि दातांचे तुकडे जिभेवर खड्यांसारखे फिरू लागले. पडल्यापडल्या त्यानं पाहिलं, तोफ्या दांड्याशी परत गेला होता आणि रिकाम्या साच्यावर हातोडा आदळत होता. मध्ये कांब नसली की लोखंडावर लोखंड बसतं आणि तो आवाज माणसाच्या हाडांत शिरतो. चौघांनी त्याला ओढला. एकाचं नाक त्यानं कपाळानं फोडलं, दुसऱ्याच्या दंडाचा लचका तोडला. शेवटी कुणीतरी पाठीमागून डोक्यात फावडं घातलं, तेव्हा तो आडवा झाला. दोघांना एकाच गाडीतून नेलं. एकाला हाडांच्या दवाखान्यात उतरवलं, दुसऱ्याला पुढं वेड्यांच्या.

डॉक्टरांनी सांडशीवाल्याचे वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. दूध आणि गाळलेलं सूप, तेही नळीनं. घरात तो कारखान्याच्या खुणांनी बोलू लागला. बायको त्या खुणा पटकन शिकली, आणि त्यांतल्या कुठल्या खुणेचा अर्थ नवऱ्यानं आपल्याला खरा सांगितलेला नाही हेही तिला लवकरच कळलं. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझं बोलणं पुरं होतंय,” असं ती शेजारणीला सांगायची. पण तो झोपला की त्याच्या उघड्या पाठीवरची हाडं ती बोटानं मोजत बसायची.

उपाशी पोटी राग चांगला मुरतो. दिवसभर पडून तो एकच चित्र रंगवत बसे. तोफ्या खाली, आपण वर, हातात गज. त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच कारखान्यात भट्टीवर होता. रोज संध्याकाळी येऊन तो निखाऱ्यावर फुंकर घालून जायचा.

“दाजी, येऊ दे तो वेडा सुटून. पहिला फटका तुमचा. पुढचं आम्ही बघतो.”

तार निघाली आणि कारखान्यातून बोलावणं आलं. हनुवटी एका बाजूला सरकून सांधली होती, बोलताना ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटायची. मेस्त्रीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “जबडा मोडलाय, हात नाही ना मोडले? धर सांडशी.” हे ऐकून पलीकडचे हसले, आणि तेव्हापासून तो जबडा.

पहिल्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत, भट्टीचं दार उघडताना त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तो पडला तो दाराच्या पत्र्यावर. हात सोडवला तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी पत्र्यालाच राहिली. जळक्या मांसाचा वास हातोड्यापर्यंत गेला, पण हातोडा थांबला नाही.

कारखान्याच्या दवाखान्यात एक सिस्टर होती. बुटकी, जाड काचांचा चष्मा, उभी हयात लोकांच्या बोटांना टाके घालण्यात गेलेली. तिनं पट्टी बांधली आणि तशीच तरातरा हातोड्यापाशी जाऊन मेस्त्रीला धरलं. आवाजात कुणाला काही ऐकू आलं नाही, पण ती मेस्त्रीच्या छातीवर बोट टोचत होती आणि मेस्त्री मागं मागं सरकत होता, एवढं सगळ्यांनी पाहिलं. मग ती जेवणाच्या सुट्टीत पुन्हा आली, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

“नवी भट्टी पेटवताना तुम्ही विटा तडकतील म्हणून ती हळूहळू तापवता. आणि महिनोन्‌महिने पातळ पिऊन राहिलेल्या माणसाला एकदम जाळासमोर उभा करता. विटेची काळजी आहे तुम्हाला.”

“सिस्टर, हा कारखाना आहे, पाळणाघर नाही.”

“पाळणाघर असतं तर तुम्हाला आतसुद्धा घेतलं नसतं.”

ती मॅनेजरकडे गेली, आणि कितीदा गेली कोण जाणे, पण शेवटी अवजारांची खोली तिनं मिळवली. जाड भिंतीची, हातोड्यापासून लांब. तिथं आजारातून उठलेल्यानं अर्धा दिवस बसायचं, बोल्ट निवडायचे, सांडश्यांचे खिळे घट्ट करायचे, हातमोजे तपासायचे, आणि अंगात जोर येईल तसं हळूहळू आपल्या जागी परतायचं. कामगारांनी लगेच बारसं केलं : भंगारखाना. तिथं बसलेला पहिला माणूस जबडा. पहिल्यांदा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घास चावता येऊ लागला, हातावर नवी गुलाबी कातडी धरली, आणि बोल्टांच्या पेटीपाशी कुणी आपल्याला हसलं तर हसो, असंही वाटू लागलं.

अशात एक दिवस सिस्टर येऊन समोर बसली.

“तोफ्या परत येतोय. इथंच, या खोलीत.”

जबड्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

“डॉक्टरांनी सोडलाय त्याला. महिने महिने झोप नव्हती त्याला. त्याच्या कानातला हातोडा बंदच होत नव्हता. घरी, अंथरुणात, नळाखाली डोकं धरलं तरी. त्यापायीच त्यानं बायकोवर हात उचलला आणि ती निघून गेली. पाळीवर पाळी का करायचा माहितेय? इथला हातोडा चालू असला की आतला ऐकू येत नसे.”

“माझ्याही कानात वाजतं, सिस्टर. मी नाही कुणाचा जबडा फोडला.”

“अजून नाही,” सिस्टर म्हणाली आणि उठून गेली.

संध्याकाळी जबड्यानं मेहुण्याला सांगितलं, तोफ्या कुठल्या दिवशी आणि किती वाजता येणार ते.

फाटकाच्या अलीकडे भिंत वळते तिथं जबडा, मेहुणा आणि भट्टीवरचे काही जण उभे होते. सकाळची पाळी सुरू व्हायची होती. जबड्यानं जेवणाच्या पिशवीतून गज काढला. तोफ्या येताना दिसला तेव्हा क्षणभर तो ओळखू आला नाही. अंग सैल पडलेलं, केस कापलेले, चाल गोळ्या घेतलेल्या माणसाची. शेजारी त्याची थोरली बहीण होती, त्याच्या दंडाला धरून. घोळका बघून ती थबकली. मेहुण्यानं तिला बाजूला ढकललं, ती भिंतीवर आपटली.

तोफ्यानं जबड्याकडे पाहिलं. वाकड्या हनुवटीकडे पाहिलं. हात खालीच ठेवले.

जबड्यानं गज फिरवला. नेम डोक्याचा होता, बसला खांद्यावर, गळ्याजवळच्या हाडावर. तोच आवाज आला, वाळकी फांदी मोडल्याचा. या खेपेला बाहेरून. इतके महिने जबडा ज्या सुखाची वाट बघत होता ते काही आलं नाही. उलट त्याच्याच तोंडात रक्ताची चव आली. आपण जीभ चावलीय हे त्याला नंतर कळलं.

तोफ्या गुडघ्यावर बसला आणि मग बाकीचे तुटून पडले. बूट पोटात, बूट पाठीत. कुणी त्याच्या तोंडावर टिफिनचा डबा आपटला. तो ओरडत होता, आणि तोफ्याचं ओरडणं म्हणजे सगळ्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या. पण खाली कुणी आलं नाही. मेहुण्यानं दोन्ही हातांनी लोखंडाचा ठोकळा डोक्यावर उचलला. तो खाली आला असता तर तोफ्याचं डोकं टरबुजासारखं फुटलं असतं, यात शंका नव्हती.

जबड्यानं गज पुन्हा फिरवला, मेहुण्याच्या मनगटावर. ठोकळा दगडांवर पडला. मेहुणा हात पोटाशी धरून किंचाळला, “दाजी, मी आहे, मी!” जबडा तोफ्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला आणि आपल्याच माणसांवर गज फिरवत सुटला. एकाचा कान फाटला. दुसऱ्याच्या गुडघ्यावर बसला. त्यांनीही त्याला सोडलं नाही. वीट डोक्यात बसली, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी तो पायांखालच्या माणसावरून हलला नाही. पोलिसांची गाडी आली तेव्हा पळण्याच्या अवस्थेतले पळाले.

चौकीत पोलिसांनी जबड्याला जमेल तसा धुतला. मग दवाखान्यातून तोफ्याचा जबाब आला : पहिला फटका यानंच मारला, आणि बाकीच्यांना अडवलंही यानंच. दोन्ही खरं होतं, त्यामुळे साहेबांना त्याचं काय करावं कळेना. काही दिवस आत ठेवून सोडून दिलं.

घरी बायको स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठमोरी उभी होती. आयुष्यभर तिनं त्याला ‘अहो’ म्हटलं होतं.

“माझ्या भावाचा हात मोडलास तू,” ती वळून म्हणाली. “त्या वेड्यासाठी.”

“तो त्याला ठार करत होता.”

“मग तू कशाला गेला होतास तिथं? आरती ओवाळायला?”

तिनं हातातलं पातेलं फेकलं. ते त्याच्या कपाळावरच्या ताज्या टाक्यांवर बसलं आणि दोन टाके उसवले. मग तीच फडकं घेऊन धावली, आणि रक्त पुसता पुसता रडता रडता तिनं त्याला आणखी दोन गुद्दे घातले.

मॅनेजरनं सगळ्यांनाच हाकलायची भाषा केली. पण सगळ्यांना हाकललं तर भट्टीवर कोण उभं राहणार, म्हणून ती भाषा हवेत विरली. जबड्याला मात्र घरी बसवलं. सिस्टरनं त्याला दवाखान्याच्या मागच्या दारानं बोलावून घेतलं.

“तुला परत घ्यायला मी त्यांना राजी केलंय. एका अटीवर. तू मोडलंयस, तूच सांधायचं. तोफ्याचा खांदा भरला की त्याला घरून आणायचं, भंगारखान्यात शेजारी बसवायचं, घरी पोचवायचं. आधी आत्ता जाऊन त्याला सांगून ये.”

“मी? सिस्टर, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? दुसरा कुणी बघा.”

“दुसऱ्या कुणाला तो घाबरत नाही. तुझ्यापासून पळाला नाही, तर कुणापासूनच पळणार नाही.”

तोफ्याच्या बहिणीनं दार उघडलं, जबड्याला ओळखलं आणि दारातच उभी राहिली. तिच्या कपाळावर भिंतीचा ओरखडा अजून होता.

“दुसरा खांदा राहिलाय, म्हणून आलास?”

“ताई, सिस्टरनं पाठवलंय.”

“ती काय करेल, मलम लावेल तुझ्या तोंडाला?” म्हणाली, पण बाजूला झाली.

खोलीत भिंतींवर जुन्या गाद्या आणि गोधड्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या. घड्याळ नव्हतं. बहीण घरात अनवाणी फिरायची, भांडं ठेवताना खाली कापड घालायची. तोफ्या खांदा बांधून खाटेवर बसला होता. जबड्याला बघून त्याच्या कपाळावर घाम फुटला, पण तो उठला नाही. जबडा काही बोलायला गेला; ओठाच्या कोपऱ्यातून निसटणारे शब्द तोफ्याच्या बहिऱ्या कानांपर्यंत पोचेनात. मग जबड्यानं हात वर केला आणि खुणेनं म्हणाला : कामावर. तू. मी.

तोफ्यानं मूठ वर केली. थांब. नाही.

जबड्यानं तळवा खाली दाबला. हलका घाव. पुन्हा दाबला. हलकं काम, अर्धा दिवस, हातोडा नाही. मधली भिंत किती जाड आहे ते दोन हात फाकवून दाखवलं.

तोफ्यानं बोट जबड्याच्या हनुवटीकडे केलं आणि स्वतःचे दात करकर घासले : दुखतं का? जबड्यानं मान हलवली, दुखतं. आणि तोफ्याच्या खांद्याकडे बोट केलं. तोफ्यानंही मान हलवली. बहिणीनं दोघांपुढं चहा ठेवला. जबड्याचा कप तिनं जरा जोरातच आपटला.

माफी कुणी मागितली नाही. पुढंही मागितली नाही.

तोफ्याला आणायचं सुरू झालं तशी जबड्याला रस्त्यात थुंकी चुकवावी लागू लागली. घरी बायको बोलत होती ते कामापुरतं. भंगारखान्यात तोफ्या कानांवर जाड टोप्या लावून बोल्ट निवडायचा आणि मध्येच उठून कोपऱ्यात तोंड करून उभा राहायचा. तेव्हा त्याला हात लावायचा नाही हे जबडा शिकला. दुपार झाली की तो तोफ्याला कामावरून उठवायचा, काम अर्ध्यावर असलं तरी.

एक फिटर होता, मस्करीखोर. वेड्याला पिसाळलेला बघायचा, म्हणून त्यानं एकदा तोफ्याच्या पाठीशी लोखंडी पत्रा उंचावरून खाली टाकला. कानटोप्या भेदून तो आवाज गेला. तोफ्या वळला आणि फिटरची मान त्याच्या दोन्ही हातांत आली. फिटरचे पाय हवेत, तोंड निळं, जीभ बाहेर. जबड्यानं मध्ये घुसून बोटं सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हा तोफ्याच्या कोपराचा दणका नेमका सांधलेल्या हाडावर बसला. जबड्याला काजवे दिसले. तरी त्यानं तोफ्याच्या डोळ्यांसमोर मूठ वर धरली. थांब. आयुष्यभर त्या मुठीला तोफ्याचा हात ऐकत आला होता. डोक्याला कळायच्या आत बोटं सैल झाली. फिटर पोत्यासारखा खाली पडला, खोकत, ओकत. तो उठल्यावर जबड्यानं त्याच्या कानाखाली अशी काढली, की तो पुन्हा बोल्टांच्या पेटीवर जाऊन आदळला.

“आता वाजतंय ना कानात?” जबडा म्हणाला. “ते महिनाभर न थांबता वाजलं, की मला येऊन सांग.”

मेस्त्री धावत आला, तोफ्याला आजच्या आज घालवा म्हणाला. सिस्टरनं भांडण मॅनेजरसमोर नेलं. तिनं हातोड्यावरच्या सगळ्यांना रांगेनं भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि प्रत्येकाच्या पाठीमागून त्याचं नाव घेतलं, रोजच्या बोलण्यातल्या आवाजात. निम्म्यांनी मान वळवली नाही. मेस्त्रीनंही वळवली नाही. मॅनेजर सगळ्यांत जास्त घाबरला, कारण तो भांडण मिटवायला आला होता आणि आता हे लफडं त्याच्या गळ्यात पडलं होतं. कानटोप्या आल्या. हातोड्यावर पाळीवर पाळी बंद झाली. मेस्त्रीनं त्यावरून आठवडाभर शिव्या घातल्या. ज्यांना घातल्या त्यांनी टोप्या काढल्या नाहीत.

मग मेहुणा परत आला. मनगट वाकडं सांधलेलं, फावडं धरवत नव्हतं, आणि सिस्टरनं त्यालाही त्याच खोलीत पाठवलं. तो तोफ्याकडे पाठ करून बसायचा. एकाच स्टुलावरून तिसऱ्याच दिवशी दोघांची जुंपली. मेहुण्यानं धडक्या हातानं कानस उगारली, तोफ्यानं त्याला पेटीवर दाबला, जबडा दोघांच्या मध्ये, आणि तिघं बोल्टांच्या राशीत गडगडत गेले. सिस्टरनं बादलीभर पाणी आणून तिघांवर ओतलं. ओलेचिंब होऊन ते जमिनीवर बसले. मेहुण्याच्या ओठातून रक्त येत होतं.

“एवढा मार तर मला माझ्या घरातही मिळाला नव्हता,” मेहुणा म्हणाला, “माझ्या बहिणीच्या घरातसुद्धा.”

जबड्याला हसू आलं. हसल्यावर जबडा दुखला, म्हणून त्यानं शिवी घातली. तोफ्याला काही ऐकू आलं नव्हतं; तो मेहुण्याच्या हाताकडे बघत होता. त्यानं रबराच्या नळीचा तुकडा शोधून मेहुण्याच्या मुठीत कोंबला आणि आपल्या तोफेच्या आवाजात म्हणाला, “दाब. अंगठा आत नको. बाहेर.” मेहुण्यानं नळी फेकून दिली. सुट्टीनंतर जबडा आला, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून ती दाबत बसला होता, अंगठा बाहेर ठेवून.

काही महिन्यांनी मेहुणा भट्टीवर गेला. पहिल्यांदा अर्धी पाळी, मग पुरी. बायको त्या दिवशी जबड्याला पुन्हा ‘अहो’ म्हणाली. जबडाही सांडशीवर परतला, पण कुणी आजारातून उठून आलं, की सिस्टर त्याच्याकडेच पाठवायची, आणि तो सकाळी आधी भंगारखान्यात डोकावून मग हातोड्यावर जायचा. फुप्फुसाच्या आजाराचा एक जण आला, पोट कापलेला एक आला. भिंतीच्या वळणावर पुन्हा कुणी घोळका करून उभं राहिलं नाही, असं नाही. दारू सोडून आलेल्या एका ड्रायव्हरची टिंगल करायला काही जण जमले होते. तोफ्या बाहेर येऊन नुसता उभा राहिला. ते पांगले.

तोफ्या हातोड्यावर कधीच गेला नाही. त्याच्या कानातला हातोडा थांबलाही नाही. पण तो झोपायला लागला, आणि बहिणीनं खोलीतल्या एका भिंतीवरच्या गाद्या उतरवल्या.

पुढच्या वर्षी मेस्त्री हातोड्यापाशीच कोसळला. छातीवर हात दाबून पडला तेव्हा बोटांनी काहीतरी खूण करत होता, ती कुणाला कळली नाही. सिस्टरनं तिथंच त्याची छाती दाबली, दोन बरगड्या मोडेपर्यंत दाबली, आणि त्याला वाचवला. बरा होऊन आला तो पिवळा पडलेला, शर्ट खांद्यांवर लोंबणारा. सिस्टरनं त्याला खोलीच्या दारात आणून सोडलं आणि निघून गेली.

तोफ्या उठला. मेस्त्री दारातच थांबला. तोफ्यानं त्याची कॉलर धरली, त्याला आत ओढला आणि सगळ्यांदेखत एक सणसणीत थोबाडीत ठेवून दिली. मेस्त्रीचा चष्मा उडून बोल्टांत पडला. जबडा पुढं झाला होता, पण तोफ्यानं कॉलर सोडली होती. त्यानं वाकून चष्मा उचलला, शर्टाला पुसला, मेस्त्रीच्या हातात दिला आणि स्टूल पुढं सरकवलं.

मेस्त्री गाल धरून बसला. तक्रार करतो म्हणाला नाही. त्यानं बोल्टांची पेटी जवळ ओढली आणि निवडायला लागला, घाईघाईनं, दोन्ही हातांनी.

“सावकाश,” जबडा म्हणाला. “जेवणाची सुट्टी झाली की घरी जायचं.”

“आणि काम उरलं तर?”

“उरू दे.”

मेस्त्रीनं त्याच्याकडे बघितलं, जणू हा माणूस परक्या भाषेत बोलतोय. मग एक बोल्ट उचलला, उजेडात धरून त्याचे आटे तपासले आणि हळूच डाव्या पेटीत टाकला.